पीएचडीसाठी प्राध्यापक निवडताना: शालेय मानसशास्त्रातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मीनलने (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि पुढची साडेतीन वर्षं पिंपरी-चिंचवडमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेची रिसोर्स रूम, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना जादा मदत देणारा वर्ग, सांभाळली. तिच्याकडे येणारी बहुतेक मुलं तिसरी-चौथीतली. जोडाक्षर आलं की अडणारी, ‘प्रकाश’चं ‘परकाश’ करणारी, ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरणारी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला अधिकृत यादीत स्थान मिळालं आणि शाळेकडून रुग्णालयांकडे पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली. मराठीत तपासणीसाठी काहीच नाही, अशी स्थिती नव्हती. नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. पण अशी चाचणी मुलाला अडचण आहे की नाही ते सांगते. मीनलला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा होता: आठवड्याला तीन तास आपण जे शिकवतो, त्याने या मुलाच्या वाचनात फरक पडतोय का? शाळेच्या नोंदवहीत यावर ‘प्रगती समाधानकारक’ एवढा एकच शेरा असायचा, जूनमध्येही आणि मार्चमध्येही.

हा प्रश्न ज्या शाखेत मध्यभागी आहे ती म्हणजे शालेय मानसशास्त्र, आणि तिचा सगळ्यात मोठा पसारा अमेरिकेत आहे. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू केलेल्या क्लिनिकपासून तिची सुरुवात मोजतात. १९५४ च्या थेअर परिषदेत प्रशिक्षणाचा आराखडा ठरला, १९६९ मध्ये एनएएसपी ही शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिथल्या शालेय मानसशास्त्रज्ञाचं काम आपल्याकडच्या शाळा-समुपदेशकापेक्षा वेगळं असतं: मुलाचं मूल्यमापन, शिक्षकांना सल्ला, हस्तक्षेपाची (म्हणजे अडचणीवर नेमक्या जादा शिकवण्याची) आखणी आणि तो लागू पडतोय का याची मोजणी. २००४ च्या तिथल्या विशेष शिक्षण कायद्याने, अध्ययन अक्षमता ठरवताना बुद्ध्यांक आणि वाचन यांतली मोठी तफावत दाखवण्याची सक्ती राज्यांना करता येईना, मुलाचा हस्तक्षेपाला मिळणारा प्रतिसाद बघायला वाट मोकळी झाली. त्यामुळे तिथे आठवड्याच्या मोजणीला एकदम महत्त्व आलं.

२०१७ च्या पावसाळ्यात मीनलने ठरवलं, डिसेंबरमध्ये अर्ज करायचे आणि ऑगस्ट २०१८ ला रुजू व्हायचं.

अडचण

अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडी कार्यक्रमांत विद्यार्थी विभागात येतो असं म्हणणं अर्धवट आहे. तो एका प्राध्यापकाकडे येतो. अर्ज विभाग घेतो, पण ‘हा मला हवा’ असं म्हणणारा एक ॲडव्हायझर नसेल तर जीआरईचे गुण कितीही असोत, उपयोग होत नाही. पुढची पाच-सहा वर्षं विषय, स्टायपेंड, प्रबंध आणि शिफारसपत्र या चारही गोष्टी त्या एका माणसाच्या हातात असतात.

मीनलने विद्यापीठांची पानं उघडून चौदा जणांची यादी केली. निकष एकच: ‘संशोधनाची आवड’ या परिच्छेदात वाचन, द्विभाषिक मुलं किंवा भारत यांपैकी काही दिसलं की नाव आत. तिच्या एम.ए.च्या मार्गदर्शक मॅडमनी यादी बघितली आणि विचारलं, “मीनल, यातल्या कुणाचा गेल्या तीन वर्षांतला एक तरी पेपर वाचलास का गं?” तिने वाचला नव्हता.

आवडीचा तो परिच्छेद बहुतेकदा प्राध्यापक रुजू होतात तेव्हा लिहिला जातो आणि तसाच राहतो. ‘भाषिकदृष्ट्या वैविध्यपूर्ण विद्यार्थी’ हे शब्द तर जवळपास प्रत्येक पानावर असतात. त्यांच्याखाली स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या वाचनाची मोजणी असू शकते, शिक्षकांच्या पूर्वग्रहांवरचं सर्वेक्षण असू शकतं, किंवा नुसतं एक वैकल्पिक व्याख्यान.

पानाच्या पलीकडे काय तपासलं

यादी चौदावरून तीनवर आणायला सात आठवडे लागले. काम पुढीलप्रमाणे झालं.

आधी पदव्या बघितल्या, पण कुठल्या विद्यापीठाचं नाव मोठं या नजरेने नाही. या शाखेत पीएचडी कुठून केली यावरून माणसाची पद्धत बरीचशी ओळखता येते. मिनेसोटात स्टॅनली डिनो यांनी करिक्युलम-बेस्ड मेझरमेंट, म्हणजे सीबीएम (वाचनाची वारंवार घेतलेली छोटी मोजणी), उभं केलं; त्या परंपरेतून आलेला माणूस वाचन मिनिटांत मोजतो. ओरेगनची ओळख वर्तनाच्या शाळाव्यापी व्यवस्थेसाठी. विस्कॉन्सिन-मॅडिसनला थॉमस क्रॅटोकविल यांच्यामुळे एकेका मुलावर आधारलेल्या प्रयोगरचनेचा वारसा. नेब्रास्कात सुझन शेरिडन यांचं पालक-शिक्षक सल्लामसलतीचं काम, लीहायला जॉर्ज ड्यूपॉल यांचं एडीएचडीवरचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या अडचणीवरचं. हा नियम नाही, अपवाद भरपूर आहेत. पण पदवीचं गाव आणि प्रबंधाचा विषय एकत्र ठेवले की पुढच्या वीस वर्षांचा कल बऱ्यापैकी दिसतो.

पदनामांकडे लोक दुर्लक्ष करतात. असिस्टंट प्रोफेसर म्हणजे अजून टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, नाही. साधारण सहाव्या वर्षी निर्णय होतो आणि तो नकारात्मक गेला तर माणूस विद्यापीठ सोडतो. क्लिनिकल प्रोफेसर शिकवतात, प्रॅक्टिकम (विद्यार्थ्यांचं शाळांमधलं प्रत्यक्ष काम) सांभाळतात. अनेक ठिकाणी त्यांना प्रबंध समितीचं अध्यक्षपद घेता येत नाही. एमेरिटस म्हणजे निवृत्त. मीनलच्या पहिल्या यादीत दोन एमेरिटस होते.

मग गेल्या पाच वर्षांचे पेपर. ‘जर्नल ऑफ स्कूल सायकॉलॉजी’, ‘स्कूल सायकॉलॉजी रिव्ह्यू’ आणि ‘सायकॉलॉजी इन द स्कूल्स’ एवढी तीन नियतकालिकं चाळली तरी चित्र स्पष्ट होतं. प्रत्येक पेपरात तीन गोष्टी टिपल्या: पद्धत कोणती, पहिलं नाव कुणाचं, आणि त्या पहिल्या नावाचा माणूस विद्यार्थी होता का. विद्यार्थ्यांना पहिलं नाव देणारा प्राध्यापक आणि न देणारा प्राध्यापक हा फरक कुठल्याही पानावर लिहिलेला नसतो.

त्यानंतर पैसा. संघीय ग्रँट कुणाला, कितीची आणि कुठपर्यंत मिळाली हे सरकारी संकेतस्थळांवर कुणालाही शोधता येतं. यातला एक सापळा परदेशी विद्यार्थ्यांना हमखास अडकवतो. ग्रँट दोन प्रकारच्या असतात: संशोधनाच्या आणि मनुष्यबळ प्रशिक्षणाच्या. विशेष शिक्षण कार्यालयाच्या प्रशिक्षण ग्रँटमधून मिळणारी शिष्यवृत्ती अमेरिकन नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच असते. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही. म्हणजे पानावर कोटींची ग्रँट दिसते आणि आपल्या वाट्याला त्यातला डॉलरही येणार नसतो.

शेवटी विभागाची आकडेवारी. एपीए (अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञांची संघटना) मान्यताप्राप्त कार्यक्रमांना प्रवेश, खर्च, पदवीला लागणारी वर्षं, इंटर्नशिप मिळण्याचं प्रमाण आणि गळती हे सगळं दरवर्षी जाहीर करावं लागतं. तो तक्ता पानाच्या तळाशी, बारीक दुव्यामागे असतो. एका नावाजलेल्या विभागात गळती एवढी दिसली की मीनलने ते नाव तिथल्या तिथे खोडलं.

समोरचे पर्याय

तीन प्राध्यापक उरले, आणि पीएचडी सोडून आणखी दोन वाटा.

प्रा. क मोठ्या राज्य विद्यापीठात पूर्ण प्राध्यापक होत्या. वाचनातल्या अडचणींवर त्यांचं नाव मोठं, मीनलने एम.ए.ला त्यांचाच एक पेपर अभ्यासला होता. पण शेवटच्या पाच वर्षांत त्यांचं नाव बहुतेक ठिकाणी मधे कुठेतरी, आणि चालू ग्रँट प्रशिक्षणाची.

प्रा. ख मध्यम दर्जाच्या विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर, रुजू होऊन दोनच वर्षं झालेली. सीबीएमच्या परंपरेतली पीएचडी. काम इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिशभाषक मुलांच्या वाचनाची दर आठवड्याला मोजणी आणि एकेका मुलावरच्या प्रयोगरचना. आशियाशी त्यांचा संबंध शून्य. सात पेपरांपैकी चारांत पहिलं नाव विद्यार्थ्याचं.

प्रा. ग भारतीय वंशाच्या. पानावर दक्षिण आशियाई कुटुंबं, स्थलांतर, मुलांचं मानसिक आरोग्य. मीनल सगळ्यात जास्त इथे ओढली गेली. मुलाखतीत त्यांनी आपुलकीने चौकशी केली, घरच्यांनाही हाच पर्याय पटला; “आपलं माणूस आहे, परक्या देशात आधार होईल” हे वडिलांचं म्हणणं. पण त्यांचे सगळे अभ्यास मुलाखती आणि प्रश्नावलींचे होते. वाचनाची मोजणी त्यांनी कधी केलेली नव्हती.

चौथी वाट एड.एस. ही स्पेशालिस्ट पदवी: साधारण ६० क्रेडिट, तीन वर्षं, त्यात १,२०० तासांची इंटर्नशिप. शाळेत नोकरी करायला एवढी पुरते. स्टायपेंड मात्र क्वचित. त्या वर्षीच्या दराने सगळा खर्च ६० लाखांच्या घरात जात होता. पाचवी, भारतात राहून क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं एम.फिल. त्याने तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळत होती आणि निदानाच्या कागदावर सही करण्याचा अधिकार येत होता. हा फायदा मीनलने त्या वेळी फारसा मनावर घेतला नाही.

पहिला निर्णय

तिघांनाही नोव्हेंबरमध्ये ईमेल गेला. लांबलचक कौतुक नाही, दहा-बारा ओळी. त्यात तुमच्या अमुक पेपरातली अमुक पद्धत मला मराठीत वापरून बघायची आहे, तिथे अमुक अडचण येईल असं वाटतं, आणि तुम्ही यंदा विद्यार्थी घेणार आहात का.

अडचण म्हणून तिने जे लिहिलं होतं त्यानेच प्रा. ख यांचं लक्ष वेधलं. सीबीएममध्ये मूल एक मिनिट मोठ्याने वाचतं आणि बरोबर वाचलेले शब्द मोजतात. मूल एखाद्या शब्दावर तीन सेकंद अडलं की परीक्षक तो सांगतो आणि चूक धरतो. इंग्रजीत हे चालतं. मराठीत ‘घरी’ हा एक शब्द आणि ‘शाळेसमोरच्या’ हाही एकच शब्द. पहिल्यात दोन अक्षरं, दुसऱ्यात सहा. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहिण्याच्या आपल्या रीतीमुळे उताऱ्यात लांब शब्द दोन-चार जास्त आले तरी मुलाचा वेग पडलेला दिसेल. म्हणून शब्दांऐवजी अक्षरं मोजावीत का, आणि जोडाक्षर एक धरावं की दोन? कन्नडमध्ये अक्षरज्ञानाच्या वेगावर सोनाली नाग यांचं काम आहे, त्याचा तिने आधार दिला होता.

प्रा. ख यांचं उत्तर दोन दिवसांत आलं, चार प्रतिप्रश्नांसह. प्रा. क यांनी कळवलं की विद्यार्थी घेऊ, पण सहकाऱ्याबरोबर मिळून. चौकशी केल्यावर कळलं, त्या टप्प्याटप्प्याने निवृत्तीकडे निघाल्या होत्या. प्रा. ग यांनी मनापासून बोलावलं.

मार्चमध्ये ख आणि ग अशी दोन प्रवेशपत्रं हातात होती, आणि १५ एप्रिलपर्यंत कळवायचं होतं. मीनलने दोन्हीकडच्या चालू विद्यार्थ्यांशी बोलून घेतलं. शेवटी ठरलं ते एका प्रश्नावर: लोकसंख्या जुळणं महत्त्वाचं की पद्धत जुळणं? मराठी मुलं कशी आहेत हे मीनलला माहीत होतं, कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त. मोजायचं कसं हे तिला माहीत नव्हतं. ते शिकवू शकणारे प्रा. ख होते. हा निर्णय बरोबरच होता आणि नंतर जे घडलं त्यानेही तो चूक ठरत नाही.

प्रा. ख यांचा प्रस्ताव असा: शिक्षण शुल्क माफ, आठवड्याला २० तासांची संशोधन-साहाय्यकाची नेमणूक, नऊ महिन्यांचा स्टायपेंड. उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे. हे पत्रात होतं, पण नऊ महिने म्हणजे नऊच, हे बहुतेकांना पहिल्या जूनमध्ये उमगतं. आणखी एक खर्च कुणीच सांगितला नव्हता: प्रॅक्टिकमच्या शाळा विद्यापीठापासून वीस-पंचवीस मैलांवर, बस नाही. गाडी घेतल्याशिवाय दुसरं वर्ष सुरूच होत नाही.

मधे काय बिघडलं

पहिली दोन वर्षं आखल्याप्रमाणे गेली. जून २०२० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या दोन शाळांत प्राथमिक चाचणी घ्यायची ठरली होती. मार्चमध्येच शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळा नीट सुरू व्हायला २०२२ उजाडलं.

दुसरा धक्का अधिक मोठा. २०२१ च्या वसंतात, टेन्युअरचा निकाल लागण्याआधीच, प्रा. ख यांनी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची नोकरी स्वीकारली. त्यांची ग्रँट त्यांच्यासोबत गेली. मीनलचा स्टायपेंड त्याच ग्रँटमधून होता.

दुसरा निर्णय

मीनलला सहा आठवड्यांत ठरवायचं होतं आणि वाटा तीनच होत्या.

एक, प्रा. ख यांच्यामागोमाग जायचं. त्यांनी तशी तयारी दाखवली होती. पण शालेय मानसशास्त्राच्या कार्यक्रमात अभ्यासक्रम, प्रॅक्टिकम आणि मान्यतेच्या अटी एकमेकांत गुंतलेल्या असतात. नवं विद्यापीठ ९० पैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचे क्रेडिट मान्य करत होतं, शिवाय तिथली पात्रता परीक्षा पुन्हा. म्हणजे किमान दोन वर्षं वाढणार.

दोन, इथेच राहून विषय बदलायचा. विभागात वर्तन-हस्तक्षेपावर काम करणारे एक असोसिएट प्रोफेसर होते, टेन्युअर झालेले, पैसेही होते. त्यांच्या प्रकल्पात शिरलं तर पदवी लवकर होणार, पण मराठी वाचन सुटणार.

तीन, त्या प्राध्यापकांना प्रबंधाचं अध्यक्षपद द्यायचं, प्रा. ख यांना बाहेरचे सदस्य म्हणून ठेवायचं आणि विषय तोच राखायचा. इथे पद्धतीच्या निवडीचा फायदा मिळाला. नव्या अध्यक्षांना वाचनातलं फार कळत नव्हतं, पण एकेका मुलावरची प्रयोगरचना त्यांच्या रोजच्या वापरातली. वर्तन असो की वाचन, आलेखाची भाषा एकच.

मीनलने तिसरी वाट धरली. तिची किंमत होती: संशोधन-साहाय्यकाची जागा जाऊन पदवीपूर्व वर्गाची शिकवणी आली, तेच २० तास, पण प्रबंधाशी संबंध नसलेले. प्रा. ख यांना समितीवर ठेवण्यासाठी ग्रॅज्युएट स्कूलची वेगळी नेमणूक लागते आणि ती ठरावीक मुदतीची असते. मधे एकदा मुदत संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि प्रस्तावाची बैठक पाच आठवडे पुढे गेली.

प्रत्यक्ष काम

माहिती गोळा झाली २०२२ च्या जून ते सप्टेंबर. परवानग्या दोन्हीकडच्या लागल्या: विद्यापीठाच्या नीतिविषयक मंडळाची, आणि इथे शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मुख्याध्यापकांची संमती, पालकांची मराठीतून लेखी संमती, मुलांचा तोंडी होकार. विद्यापीठाचं मंडळ स्थानिक परवानगीचं पत्र आधी मागतं आणि शिक्षणाधिकारी कार्यालय विद्यापीठाची मान्यता आधी मागतं. हा पेच सोडवायला मंडळाकडून ‘स्थानिक परवानगीच्या अधीन राहून’ अशी सशर्त मान्यता घ्यावी लागते. ही सोय आहे हे कळायलाच दोन महिने गेले.

रचना अशी: तिसरीची चार मुलं, प्रत्येकाची आधी किमान पाच मोजण्यांची पायाभूत नोंद, मग हस्तक्षेप एकेका मुलाला वेगवेगळ्या आठवड्यात सुरू. चौघांचा आलेख आपापल्या हस्तक्षेपाच्या वेळीच वर वळला, तर फरक शिकवण्याने पडला असं म्हणता येतं. एकदम चौघांना सुरू केलं तर तो उन्हाळी सुट्टीनंतरचा उत्साह होता की शिकवणं, हे सांगता येत नाही.

मोजणीचे नियम लिहिण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. अक्षर हे एकक धरलं, जोडाक्षर एक. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं मूल घरी तसंच बोलत असेल तर चूक धरायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ ऐकून ओळखता येत नाही, तेही सोडलं. ‘प्रकाश’चं ‘परकाश’ मात्र चूक, कारण तिथे मूल जोडाक्षर फोडतं. एवढं ठरल्यावरही दोन परीक्षकांचे गुण पहिल्या आठवड्यात जुळेनात. दोष परीक्षकांचा नव्हता. अडखळून स्वतःच दुरुस्त केलेलं अक्षर कसं मोजायचं हे नियमांत नव्हतं. तीन सेकंदांच्या आत दुरुस्त केलं तर बरोबर, हा नियम नंतर घातला आणि पहिल्या आठवड्याच्या ध्वनिफिती पुन्हा तपासल्या.

उतारे हा दुसरा घोळ. सारख्या काठिण्याचे वीस उतारे तिने स्वतः लिहिले होते, अक्षरसंख्या आणि जोडाक्षरांचं प्रमाण सांभाळून. तरी बैलपोळ्यावरचा उतारा चौघांनीही भराभर वाचला आणि मेट्रोवरचा अडत अडत. विषयाची ओळख हा घटक तिने धरलाच नव्हता. मेट्रोवरचा उतारा बाद केला, आणि पुढे दर वेळी एकाऐवजी तीन छोटे उतारे वाचून घेऊन मधला गुण धरायला सुरुवात केली.

३१ ऑगस्टला गणपती बसले आणि शाळा आठवडाभर बंद. चौथ्या मुलाची पायाभूत नोंद नेमकी तिथे तुटली. सुट्टीनंतर त्याच्या दोन मोजण्यांतले गुण खाली घसरले, ते पुन्हा स्थिर होईपर्यंत हस्तक्षेप लांबवावा लागला. परतीची तारीख हलवता येत नव्हती: आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने पाच महिन्यांच्या आत परत यायला बजावलं होतं. त्यामुळे चौथ्या मुलाच्या हस्तक्षेपाच्या काळात जेमतेम पाच मोजण्या झाल्या.

निष्पत्ती

तीन मुलांचा आलेख अपेक्षेप्रमाणे वळला, चौथ्याचा अस्पष्ट राहिला. समितीने ते तसंच मांडायला लावलं आणि ते योग्य झालं.

इंटर्नशिप २०२३-२४ मध्ये एका सरकारी शालेय जिल्ह्यात, पगारी, दहा महिने, १,५०० तास. दहा महिने हा आकडा मुद्दाम राखला होता: पूर्णवेळ सीपीटी (शिकत असताना काम करण्याची परवानगी) बारा महिने झाली की ओपीटी (पदवीनंतर काम करण्याची परवानगी) हातची जाते. जिल्ह्याने दोन महिने वाढवून देऊ केले, ते तिने नाकारले. प्रॅक्सिसची परीक्षा, ज्यात एनसीएसपी या शालेय मानसशास्त्रज्ञाच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी १५५ गुण लागतात, पहिल्या खेपेला पार झाली. पदवी २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सहा वर्षांनी. ओपीटीचं वर्ष त्याच जिल्ह्यात काढून ती पुण्याला परतली आणि आता शिक्षक-प्रशिक्षणात, मराठी उताऱ्यांच्या संचावर काम करते.

काय वेगळं करता आलं असतं

असिस्टंट प्रोफेसर निवडणं हा धोका होता आणि तो घ्यायला हरकत नव्हती. पण धोका घेताना दुसरा माणूस पहिल्याच वर्षी जोडायला हवा होता. टेन्युअर झालेल्या एका प्राध्यापकाबरोबर एखादा स्वतंत्र अभ्यास, एखादा लहान पेपर, एवढं आधीपासून असतं तर २०२१ मधले सहा आठवडे इतके अटीतटीचे झाले नसते. नव्या अध्यक्षांशी तिची तोवरची ओळख एका वर्गापुरती होती.

प्रवेशाच्या वाटाघाटीत एक प्रश्न लेखी विचारायला हवा होता: ॲडव्हायझर गेले तर उरलेल्या वर्षांच्या स्टायपेंडची हमी विभाग घेतो का? काही विभाग घेतात आणि पत्रात लिहून देतात. १५ एप्रिलच्या आधी हे विचारायला कुणी संकोचू नये. त्यानंतर विचारून उपयोग नसतो.

मराठीतलं काम शेवटी ठेवणं ही आखणीतली चूक. नियम आणि उतारे यांची चाचणी पहिल्या उन्हाळ्यात, २०१९ मध्ये, पुण्यात येऊन करता आली असती. त्या वर्षी शाळा सुरू होत्या आणि मीनल सुट्टीला आलीही होती. प्रा. ख यांनी स्पॅनिशच्या प्रकल्पाला प्राधान्य दिलं आणि तिने ते मान्य केलं. नव्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं हे खरं, तरी आठवड्यातले चार तास स्वतःच्या विषयाला राखून ठेवायची बोलणी करता येतात.

माहिती गोळा करण्याचं वेळापत्रक शाळेच्या कॅलेंडरवरून आखायला हवं होतं, विमानाच्या तिकिटावरून नाही. गणपती, पहिली घटक चाचणी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस वजा केले की जून ते सप्टेंबरमध्ये मोजणीचे आठवडे अकरा-बाराच उरतात. चार मुलांच्या क्रमवार रचनेला ते अपुरे. तीन मुलं घेतली असती तर पुरले असते.

आणि पाचव्या पर्यायाकडे, म्हणजे पुनर्वास परिषदेच्या नोंदणीकडे, २०१७ मध्येच नीट बघायला हवं होतं. शालेय मानसशास्त्रातली परदेशी पीएचडी तिथे आपोआप धरली जात नाही. अभ्यासक्रम, प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे तास आणि पर्यवेक्षकांची पात्रता यांची कागदपत्रं लागतात, आणि प्रकरण एकेकाचं तपासलं जातं. प्रॅक्टिकमच्या तासांच्या सह्या घेतलेल्या नोंदी मीनलकडे दुसऱ्या वर्षापासूनच्या आहेत, पहिल्या वर्षाच्या नाहीत. त्या वर्षीच्या पर्यवेक्षक आता निवृत्त झाल्या आहेत आणि विद्यापीठाच्या जुन्या प्रणालीतून ते तास काढून देण्याची विनंती अजून प्रलंबित आहे.